मशीन ओळखत नाही, पण मी ओळखते

प्रति,
गावातल्या माणसाची ओळख मोबाईलच्या कॅमेऱ्याने आणि अंगठ्याच्या मशीनने पटवायची, असा नियम करणारे सर्व अधिकारी आणि तो नियम ॲपमध्ये उतरवणारे अभियंते यांस,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. 2003 साली लागले तेव्हा आमची अंगणवाडी देवळाच्या ओसरीत भरायची. आज पक्की खोली आहे, इलेक्ट्रॉनिक काटा आहे, सरकारी मोबाईल आहे. गाव आणि गावाला लागून असलेलं कोलामांचं पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, दोन्ही माझ्याकडे. नियम मोडायची मला सवय नाही. बावीस-तेवीस वर्षांत माझं रजिस्टर एकदाही अपुरं सापडलं नाही, हे माझ्या पर्यवेक्षिका सांगतील.

हे पत्र एका ओळीमुळे लिहिते आहे. गेल्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर सूचना आली की, चेहरा पडताळणी न झालेले लाभार्थी महिनाअखेर अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहाराच्या यादीतून कमी करावेत. माझ्या यादीत असे अकरा जण आहेत. अकराही जिवंत आहेत, गावातच आहेत. कोणाच्या घरात चुलीचं तोंड कुठल्या दिशेला आहे इथपर्यंत मला माहीत आहे. त्यांची नावं मी माझ्या हाताने कमी करायची, कारण मोबाईलला त्यांची तोंडं जुळवता आली नाहीत. हे मला गप्प बसून करता येत नाही.

त्या अकरांपैकी एकीचं सांगते. नाव लिहीत नाही, तिची तेवढी तरी ओळख तिच्याकडेच राहू द्या.

पोडावरची मुलगी आहे, वय एकवीस, पाच महिन्यांचं लेकरू अंगावर पितं. वेचणीचे दिवस. सकाळी सातला बायका वावरात जातात आणि किलोमागे दहा रुपयाने कापूस वेचतात. ही माझ्याकडे आहाराची पाकिटं न्यायला आली म्हणजे तिची अर्धी मजुरी तिथेच बुडाली. मी मोबाईल धरला. ॲप म्हणालं, चेहरा चौकटीत आणा. आणला. डोळ्यांची उघडझाप करा. केली. जुळलं नाही. उजेड कमी असेल म्हणून तिला दारात उभं केलं. लेकरू रडायला लागलं, तिने पदर सावरला, पुन्हा जुळलं नाही. मग आम्ही दोघी पाण्याच्या टाकीजवळ गेलो, कारण आमच्याकडे रेंज तिथेच मिळते. तिथे उन्हात तिने डोळे बारीक केले आणि पुन्हा तेच. पाच वेळा झालं. तिच्या आधारवरचा फोटो पंधराव्या वर्षाचा आहे, दोन वेण्या घातलेला. तेव्हा गाल होते. आता गालाची हाडं वर आली आहेत, रक्त कमी आहे, बाळंतपणानंतर केस गळाले आहेत. ज्या कारणाने तिला आहाराची गरज आहे, त्याच कारणाने तिचा चेहरा जुळत नाही.

शेवटी ती मला म्हणाली, “बाई, मशीन मले ओळखत नाही तं नाही. तुमी तं ओळखता ना?”

मी तिला ओळखते. 2004 च्या पावसाळ्यात तिचं पहिलं वजन मीच केलं होतं. तेव्हा आमच्याकडे हुकाला टांगायचा काटा होता, त्याला चड्डीसारखी झोळी. झोळीत ती पाय झाडत होती आणि काट्याची सुई थांबत नव्हती, म्हणून तिच्या आईने तिच्या पोटावर हात ठेवला आणि मी आईला हात काढायला लावला, नाहीतर वजन चुकलं असतं. अडीच किलोला थोडं कमी भरलं. वाढीच्या तक्त्यावर तिची रेघ दीड वर्ष खालच्याच पट्टीत होती. ती रेघ वर यावी म्हणून तिच्या आईच्या मागे लागून लागून मी तिला अंगणवाडीत बसवलं. तिच्या डाव्या भुवईवर खूण आहे ती माझ्याच ओसरीच्या पायरीवर पडून झालेली. आता तिच्या लेकराचा दंडघेर मी मोजते. आणि तिला ओळखायचा अधिकार माझा नाही, माझ्या हातातल्या मोबाईलचा आहे.

गरोदर आणि स्तनदा मातेला आहार द्यायचा हे काही कोणाचं उपकाराचं काम नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 4 मध्ये तो तिचा हक्क आहे, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. त्याच कायद्याच्या परिशिष्टात आकडा आहे, दिवसाला 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं. कायद्याने आईला दिलेली मुदत सहा महिन्यांची आणि हिचं लेकरू पाच महिन्यांचं. पडताळणी होईपर्यंत थांबा म्हटलं तर तिचा हक्क थांबून थांबूनच संपतो.

2025 च्या 1 जुलैपासून घरी न्यायच्या आहारासाठी देशभर ही चेहरा पडताळणी सक्तीची झाली. तेव्हापासून मी बघते आहे. माझी बारावी झालेली आहे, तंत्रातलं मला फार कळत नाही, पण माझी मुलगी अमरावतीला कॉम्प्युटर शिकते. तिने मला एक गोष्ट समजावून सांगितली ती मी इथे सांगते, कारण आमच्या कुठल्याही प्रशिक्षणात ती सांगितली गेली नाही. हे मशीन मुळात ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नसतं. दोन चेहरे किती जुळतात याचा ते एक आकडा काढतं. कितीच्या वर गेला की ‘हो’ धरायचं, ती रेघ माणूस आखतो. रेघ वर सरकवली की तोतये कमी शिरतात आणि खरे जास्त अडतात. खाली आणली की उलट होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 2019 मध्ये अशा कितीतरी प्रणाली तपासल्या, तेव्हा चुकांचं प्रमाण वंश, वय आणि बाई की पुरुष यांप्रमाणे बदलतं असं दिसलं. तर माझा पहिला प्रश्न हा आहे. आमच्यासाठी ती रेघ कोणी आखली आणि कुठे आखली? उन्हात रापलेल्या, अंगात रक्त नसलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या किती बायकांवर ती आधी पारखून पाहिली? ही माहिती मला द्या. मी गावातल्या बायकांना वाचून दाखवीन.

दुसरी गोष्ट ओटीपीची, आणि ती मला जास्त टोचते.

पडताळणीच्या आधी केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची नोंद, लागते आणि केवायसीला ओटीपी लागतो. पोडावरच्या बहुतेक बायकांचं आधार नवऱ्याच्या नंबरला जोडलेलं. नवरा हैदराबादकडे कामाला. मी त्याला फोन लावते. तो सेंट्रिंगच्या फळीवर उभा असतो, उचलत नाही. उचलला की मी म्हणते, “भाऊ, तुमच्या मोबाईलवर आत्ता सहा आकडे आले असतील, ते सांगा बरं.” तो सांगतो. का सांगणार नाही, अंगणवाडीच्या बाई विचारत आहेत. पण त्याच मोबाईलवर बँकेचा मेसेज रोज येतो की ओटीपी कोणालाही सांगू नका. पोलीस पाटलांनी चावडीवर पोस्टर लावलं आहे, ओटीपी सांगू नका. सरकारचा एक हात गावाला सावध राहायला शिकवतो आणि दुसरा हात माझ्याकडून त्याच गावाला फोनवरच्या बाईला आकडे सांगायची सवय लावतो. उद्या माझ्यासारखाच गोड आवाज काढून कोणी फोन केला, “अंगणवाडीतून बोलते, सहा आकडे सांगा,” तर तो माणूस फसेल आणि त्याला फसायला मी शिकवलेलं असेल. सुरक्षेच्या नावाखाली आम्ही लोकांची सुरक्षा अशी उघडी टाकतो आहोत. या कामाची मला लाज वाटते, हे मी स्पष्ट लिहिते.

फसवणूक ही माझ्यासाठी पेपरातली बातमी नाही. ती माझ्या घरात झाली आहे.

माझ्या सासूबाई आता बहात्तरच्या पुढे आहेत. पन्नास वर्षं कापूस वेचला. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, ती बोटांच्या शेंड्यांना लागून लागून कातडं जाड होतं, चिरतं, परत जाड होतं. त्यांचा हात हातात घेतला तर बोटाच्या पेरावर रेषा अशा दिसतच नाहीत, नुसत्या भेगा. बँकेच्या गावातल्या मशीनवर त्यांचा अंगठा कधी लागतो, कधी लागत नाही. बोटाला तेल लावा, ओल्या फडक्याने पुसा, दुसरं बोट ठेवा. निराधारचे पैसे काढायला त्या तीन-तीन खेपा घालतात.

दोन वर्षांमागे दुपारच्या वेळी एक पोरगा गावात आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मशीन. नवी योजना आहे, आजी, आधार दाखवा, अंगठा ठेवा. ठेवला. “उमटला नाही आजी, पुन्हा ठेवा.” पुन्हा ठेवला. अंगठा न उमटण्याची त्यांना इतकी सवय झालेली की त्यात वावगं काही वाटलंच नाही. महिन्याने पासबुक भरून आणलं तेव्हा साडेसहा हजार गेलेले. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर या पद्धतीत पैसे निघतात. पिन नाही, ओटीपी नाही. आम्ही बँकेत गेलो तर उत्तर मिळालं, व्यवहार तुमच्याच अंगठ्याने झालेला आहे, आम्ही काय करणार. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, त्याची पोच अजून माझ्या कपाटात आहे. पैसे आले नाहीत. सासूबाई सांगत राहिल्या, “मी नाही काढले रे बावा.” काउंटरमागच्या माणसाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पडद्याकडे पाहिलं.

या बाईच्या अंगठ्याची गोष्ट इथून सुरू होत नाही. त्यांच्या सासऱ्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठा दिला होता, कागदात काय लिहिलं ते न कळता, आणि नाल्याकाठचं वावर गेलं. आमच्या भागात अशी गोष्ट घराआड एक आहे. म्हणून 1990 नंतर गावात साक्षरतेचे रात्रीचे वर्ग सुरू झाले तेव्हा सासूबाई कंदील घेऊन जायच्या. सही शिकल्या. माझ्या लग्नात त्यांनी कागदावर सही केली तेव्हा सगळ्यांना दाखवून केली. बँकेत खातं उघडताना शिक्क्याची निळी गादी पुढे सरकवली तर त्यांनी ती मागे ढकलली आणि पेन मागितलं. आज तीच बँक त्यांची सही मागत नाही. पुन्हा अंगठ्यावरच आणून ठेवलं.

मुलीने मला वाचून दाखवलं की हाताचा ठसा करारावर घ्यायची पद्धत एका इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमध्ये 1858 साली सुरू केली. विल्यम हर्शेल त्याचं नाव. रस्त्याला सामान पुरवणाऱ्या एका देशी माणसाने उद्या ‘सही माझी नाही’ म्हणू नये, म्हणून त्याचा अख्खा पंजा शाईत बुडवून कागदावर घेतला. म्हणजे पहिल्यापासून यात एक गृहीत धरलेलं आहे, की समोरचा माणूस खोटं बोलणार. माझं तुमच्याशी भांडण या गृहीतकाशी आहे. मोबाईलशी नाही.

शहरातले लोक चर्चा करतात की एक दिवस माणूस आणि यंत्र एक होतील. मेंदूत चिप बसेल. न्यूरालिंक नावाच्या कंपनीने 2024 च्या जानेवारीत अमेरिकेत एका माणसाच्या डोक्यात तसं यंत्र बसवलंसुद्धा, आणि लकवा झालेला तो माणूस नुसत्या विचाराने कॉम्प्युटर चालवू लागला. चांगलंच झालं. त्यावर तिकडे डॉक्टर आहेत, संमतीचे कागद आहेत, वाद घालणारे जाणकार आहेत. आमच्या गावात ही जोडणी केव्हाच झाली आहे आणि त्यावर कोणी एक सभाही घेतली नाही. बाईचा अंगठा म्हणजे बँकेची किल्ली. तिचा चेहरा म्हणजे आहाराची किल्ली. किल्ली हरवली तर कुलूप बदलता येतं. पासवर्ड चोरीला गेला तर नवा ठेवता येतो. अंगठा चोरीला गेला तर सासूबाईंनी नवा कुठून आणायचा?

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. खोटी नावं असायची. गाव सोडून गेलेल्या बाईच्या नावावर पाकिटं उचलली जायची, हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. चोर पकडलाच पाहिजे. पण बघा, 2023 च्या 1 जानेवारीपासून, वैयक्तिक लाभाची कामं सोडून, रोजगार हमीच्या सगळ्या कामांवर मोबाईलवर फोटोची हजेरी सक्तीची केली. दोन वेळा फोटो, सकाळी आणि दुपारी. त्याचं काय झालं? 2025 च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवलं की फोटोचेच फोटो काढून टाकले जातात, कामाशी संबंध नसलेली चित्रं चढवली जातात. ज्याला चोरी करायची त्याला वाट सापडली, आणि जी बाई खरंच खड्डा खणत होती तिची हजेरी रेंज नाही म्हणून बुडली. आहाराचंही तसंच होईल. पाकिटात काय भरलं, किती दिवस गोदामात पडून होतं, वजन बरोबर आहे का, हे बघायला कॅमेरा कुठे लावला आहे? तो फक्त घेणारीच्या तोंडासमोर लावला आहे.

आणि मशीनवर यादी सोडून दिली की काय होतं, हे बघायला लांब जायला नको. आमच्या पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणा आहे. तिथे कॉम्प्युटरने माहिती जुळवून अपात्र ठरवलेली रेशनकार्डं रद्द होत गेली, सुमारे 19 लाख. घरी जाऊन न बघता. 2022 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की प्रत्यक्ष जाऊन पुन्हा तपासा. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात 2017 मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी गेली. आधारशी जोडलं नाही म्हणून त्या घरचं रेशनकार्ड रद्द झालेलं होतं. सरकार म्हणालं ताप होता, आई म्हणाली माझी पोर भात मागत गेली. मी त्यात निवाडा देत नाही. पण मी लेकरांची वजनं करणारी बाई आहे, घरात धान्य नसलं की लेकरू तापाला कसं तोंड देतं हे मला शिकवायला नको.

पोडावरच्याच एका म्हातारीने मला विचारलं, “बाई, माहा फोटो कुठी जाते?” मला सांगता आलं नाही. आपल्या नातवाला घेऊन आली होती, त्याचाही फोटो माझ्या मोबाईलमध्ये. तेवीस वर्षांत गावाच्या कुठल्याच प्रश्नाला मी ‘मला माहीत नाही, पण तुम्ही करा’ असं उत्तर दिलं नव्हतं, ते त्या दिवशी दिलं. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यात कोलामांचं पोड सोडून, असं कुठे लिहिलेलं नाही. पुढच्या वर्षी 26 सप्टेंबरला आधारच्या निकालात न्यायालयाने हेही सांगितलं की आधार नाही म्हणून कुठल्याही लेकराला योजनेपासून दूर ठेवायचं नाही. पडताळणी झाली नाही म्हणून खऱ्या हक्कदाराला नाकारलं जाणार नाही, अशी हमी सरकारच्या वकिलांनीच त्या खटल्यात दिली होती. ती हमी कोर्टातून निघून घाटंजीपर्यंत पोचलेली नाही.

आता माझं मागणं सांगते.

आधी आहार द्या, पडताळणी नंतर करा. मोबाईलने नाही म्हटलं तरी त्या दिवशी बाईच्या हातात पाकीट पडलंच पाहिजे. त्यासाठी त्याच ॲपमध्ये एक बटण द्या, ‘सेविकेने ओळख पटवली’. माझी सही, मदतनीसची किंवा आशाताईची साक्ष, रजिस्टरमध्ये नोंद. माझ्यावर विश्वास नसेल तर तपासायला माणूस पाठवा, अचानक पाठवा, घरोघर विचारा. मी चुकले असेन तर माझ्यावर कारवाई करा. माझ्या चुकीची शिक्षा मला होऊ शकते. मशीन चुकलं तर आज त्याची शिक्षा लेकराला होते.

पडताळणी झाली नाही म्हणून एकही नाव परस्पर कमी करू नका. नाव काढायचं असेल तर कोणीतरी त्या घरी जावं, त्या बाईचं ऐकून घ्यावं, आणि ग्रामसभेत नाव वाचून मग काढावं.

मशीनने नाकारलं तर चिठ्ठी द्या. कागदाची, मराठीत, तारखेची. का नाकारलं, कोण सोडवणार, किती दिवसांत. आज ती बाई रिकाम्या हाताने परत जाते तेव्हा ती आली होती याचाही पुरावा उरत नाही. तुमच्या आकडेवारीत ती ‘आलीच नाही’ अशी दिसते. किती जणींना नाकारलं हा आकडा दर महिन्याला अंगणवाडीच्या फळ्यावर आणि तालुक्याच्या ठिकाणी लावा, म्हणजे कुठलं ॲप किती चालतं हे सगळ्यांना दिसेल.

फोटोचं उत्तर द्या. आमच्या बायकांचे आणि लेकरांचे चेहरे कुठे ठेवले जातात, कोण बघू शकतं, कधी पुसले जातात. पाच वर्षांखालच्या लेकराचे बोटांचे ठसे आधारवालेही घेत नाहीत, कारण वाढत्या अंगाचे ठसे टिकत नाहीत. मग लेकरू सहा वर्षांचं होऊन आमच्याकडून शाळेत गेलं की त्याचा चेहरा आमच्या यादीतून पुसला जावा. दुसऱ्या कुठल्या कामाला वापरला जाऊ नये. आणि हे सगळं मराठीत, कोलामीत, गोंडीत, मेळघाटात कोरकूत तोंडी सांगावं. आमच्या पोडावर मी ते कोलामीत सांगायला तयार आहे, मला येते.

ओटीपी मागायचं काम सेविकेकडून काढून घ्या. नवरा परगावी असेल तर बाईच्या स्वतःच्या नंबरला आधार जोडून द्यायचं शिबिर गावात घ्या, तालुक्याला खेपा घालायला लावू नका.

बँकांसाठी वेगळं सांगते. अंगठ्याने पैसे काढायची सोय ज्याने मागितली त्याच्यासाठीच चालू असावी. आधारचे ठसे लॉक करता येतात ही सोय आहे, पण माझ्या गावात ती एकालाही ठाऊक नव्हती. मुलीने दिवाळीच्या सुट्टीत घरोघर जाऊन सतरा जणांचे लॉक करून दिले. हे काम बँकेचं होतं. प्रत्येक वेळी अंगठा ठेवला की कागदाची पावती मिळाली पाहिजे. आणि म्हातारी माणसं ‘मी काढले नाहीत’ म्हणत असतील तर त्यांनीच काढले हे बँकेने सिद्ध करावं, त्यांच्या अंगठ्याकडे बोट दाखवून मोकळं होऊ नये.

ही मागणी मी एकटीच करते असंही नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते, मीही केला होता. फोन तापायचे, अडकायचे, आणि ॲप इंग्रजीत होतं. तेव्हा आम्हाला कामचुकार म्हणणारे होते. आम्हाला काम करायचं होतं, म्हणूनच परत केले होते. आजही मला मोबाईल नको असं मी म्हणत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याने मला दहा-वीस ग्रॅमचा फरक दिसतो, जुन्या झोळीच्या काट्यावर दिसत नव्हता. वजन घटलेलं लेकरू ॲपवर लगेच लाल दिसतं, ते मला उपयोगाचं आहे. यंत्राने मला जास्त दाखवावं. जे मला दिसतं आहे ते यंत्राला दिसत नाही म्हणून खोटं धरायला लावू नये.

आमच्या विदर्भात शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांनी जी दहा कामं सांगितली त्यात पहिलं आहे, भुकेल्यांना अन्न. ते माझ्या अंगणवाडीच्या भिंतीवर मी स्वतः ब्रशने लिहिलं आहे. त्या भिंतीखाली उभं राहून मला अकरा जणांना परत पाठवता येणार नाही.

म्हणून मी काय करणार आहे ते आधीच कळवते, लपवून करत नाही. येत्या वाटपाच्या दिवशी मी प्रत्येकीचा चेहरा नियमाप्रमाणे मोबाईलसमोर धरीन. जुळला तर जुळला. नाही जुळला तर पाकीट देईन आणि रजिस्टरमध्ये नोंद करीन. रजिस्टरच्या उजव्या बाजूला मी पट्टीने एक नवा रकाना आखला आहे. वर लिहिलं आहे, ‘मी ओळखते’. त्याखाली अकरा ओळी मोकळ्या सोडल्या आहेत, प्रत्येकीसमोर माझी सही येईल, मदतनीसची येईल, आणि पोडावरच्या त्या मुलीला मी सांगून ठेवलं आहे की तिनेही यायचं आणि अंगठा न देता नाव लिहायचं. तिला लिहिता येतं. अंगणवाडी दहा वाजता उघडते, रजिस्टर टेबलावरच असेल.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ